तीनशे तीस किलो जास्त : केप यॉर्कसाठी बदललेल्या एका प्राडोचे प्रकरण

जुलै 2022 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील केप यॉर्क या टोकाकडे जाणाऱ्या पेनिन्सुला डेव्हलपमेंटल रोडवर, कोएन हे लहानसे गाव मागे टाकून आम्ही चाळीस किलोमीटर गेलो असू, तेव्हा गाडीचा मागचा भाग खड्डा नसतानाही उड्या मारू लागला. मी गाडी कडेला घेऊन वाकून पाहिले. मागच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळून त्यावर लाल धूळ बसली होती आणि दोन्हींचा मिळून काळपट चिखल नळीभर ओघळला होता. वरच्या टोकाच्या रबरी बुशाचा जळका वास येत होता. उजव्या बाजूचा शॉकअप अजून कोरडा होता, पण हात लावायला गेलो तो बोटे भाजता भाजता वाचली. पुढची वाट सोडून आम्ही ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने कोएनला परतलो. केर्न्सहून सुटे भाग येईपर्यंत तीन दिवस तिथेच मुक्काम पडला आणि खंडाच्या उत्तर टोकाला पाय लावण्याचा बेत त्या वर्षापुरता संपला.

ही गाडी म्हणजे 2016 सालची टोयोटा प्राडो 150, जीएक्सएल श्रेणीतील, 2.8 लिटर डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअर असलेली. ब्रिस्बेनमध्ये आम्ही ती चार वर्षे दैनंदिन वापरासाठी चालवत होतो आणि 2021 च्या अखेरीपासून सहा महिन्यांत तिच्यावर जंगलवाटांसाठी लागणारे म्हणून जे जे बाजारात मिळते ते जवळजवळ सगळे बसवून घेतले. बसवलेली प्रत्येक वस्तू स्वतःपुरती चांगली होती आणि आजही मी त्यांतल्या एकीलाही निकृष्ट म्हणणार नाही. चूक बेरजेत होती, आणि ती बेरीज मी कधी केलीच नव्हती.

या मुलखात गाडीकडून काय अपेक्षा असते ते आधी सांगायला हवे, कारण आपल्याकडे ‘ऑफरोड’ म्हटले की चिखलात रुतलेली थार आणि घाटातली दगडी चढण डोळ्यांसमोर येते. केर्न्स ते टोकाजवळचे बामागा हे अंतर सुमारे हजार किलोमीटर आहे आणि ब्रिस्बेनहून केर्न्सच मुळात सतराशे किलोमीटर. वाटेत कठीण ओढे आहेत, विशेषतः जुन्या तारमार्गाच्या वाटेवर. 1887 मध्ये पूर्ण झालेल्या तारेच्या (टेलिग्राफच्या) लाईनीची देखभाल करणाऱ्यांनी पाडलेली ती वाट असून पाम क्रीक आणि गनशॉट हे तिच्यावरील उतार गाड्यांची परीक्षा घेतात. मात्र बहुतेक गाड्या जिथे मोडतात तो रस्ता दिसायला अगदी सरळसोट असतो. त्या कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या चाकांनीच आडव्या वळ्या पाडलेल्या असतात, ओहोटीनंतर पुळणीवर दिसतात तशा, पण दगडासारख्या कडक. त्यांना इथे कोरुगेशन म्हणतात.

दोन वळ्यांमधले अंतर पाऊण मीटर धरले आणि गाडीचा वेग ताशी 80 किलोमीटर असला, तर प्रत्येक चाक सेकंदाला सुमारे तीस वेळा वरखाली होते. शंभर किलोमीटरमध्ये हा आकडा एक लाख तेहतीस हजारांवर जातो. स्प्रिंग ही हालचाल नुसती साठवते आणि परत करते. तिला शमवण्याचे काम शॉकअपचे असते, आणि शमवणे म्हणजे त्या हालचालीचे उष्णतेत रूपांतर करणे. नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, तापते, आणि ती उष्णता नळीच्या पत्र्यातून वाऱ्यावर सोडली जाते. आत येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होत राहिली की तेल पातळ होते, त्यात फेस धरतो, दट्ट्याला विरोध उरत नाही, आणि शेवटी सील सुटतो. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. मग चार वर्षे नीट चाललेली गाडी, नवे व जाड शॉकअप बसवलेले असताना, या रस्त्यावर साधा एक दिवसही का टिकली नाही?

कोएनच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने गाडीखाली जाण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला एकच प्रश्न विचारला, “काट्यावर चढवली आहे का कधी?” मी नाही म्हणालो. त्याने मान हलवली आणि जॅक आणायला गेला.

ब्रिस्बेनला परतल्यावर, सामान न उतरवता, दोन्ही टाक्या काठोकाठ भरून आणि चौघेही आत बसून, आम्ही सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्याने वजन दाखवणारा होता. पूर्ण गाडी 3,320 किलो भरली. नंतर फक्त पुढची चाके काट्यावर ठेवली तेव्हा 1,400 आणि फक्त मागची ठेवली तेव्हा 1,920. या गाडीचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन, ज्याला इथे सगळे जीव्हीएम म्हणतात, ते 2,990 किलो आहे. म्हणजे आम्ही 330 किलो जास्त घेऊन साडेचार हजार किलोमीटर फिरून आलो होतो, आणि मागच्या आसाने त्याची स्वतंत्र मर्यादाही ओलांडलेली होती.

जीव्हीएममध्ये गाडी, इंधन, बसवलेले सगळे सामान आणि आत बसलेली माणसेसुद्धा येतात. ही साधी गोष्ट गाडी बदलून घेणाऱ्यांतील फार थोडे लोक मनात ठेवतात. दोन्ही टाक्यांत मिळून 150 लिटर डिझेल भरलेली, माणसांविना आणि मूळ स्वरूपातली आमची प्राडो मी 2,360 किलोंची धरतो. म्हणजे हाताशी उरतात 630 किलो. आम्ही चौघे मिळून 240. उरले 390. त्यात पुढचा पोलादी बुलबार (धडकेपासून वाचवणारा दांड्यांचा सांगाडा) व विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) यांनी 100 घेतले. टपावरचा रॅक आणि त्यावर उघडणारा तंबू 93, मागचा पोलादी बंपर त्याच्या चाक टांगण्याच्या बाहीसह व दुसऱ्या स्टेपनीसह 129, डिक्कीतले खणांचे कपाट 70, दारांखालचे रॉक स्लायडर आणि इंजिनाखालची पत्र्याची ढाल 65, भरलेला फ्रिज 45, दुसरी बॅटरी 30, पिण्याचे पाणी 60. आणखी 128 किलो हत्यारे, दोर, शिधा, कपडे, जाड टायर, स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) अशा किरकोळ गोष्टींत गेले. हा ‘किरकोळ’ शब्दच मला महागात पडला.

मागच्या बंपरविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत मोठा घोटाळा तिथे होता. त्याचे व दुसऱ्या चाकाचे मिळून वजन 129 किलो असले, तरी ते मागच्या आसाच्या मागे साधारण सव्वा मीटरवर लटकते. प्राडोच्या दोन आसांमधले अंतर 2,790 मिलिमीटर आहे. तरफेचा नियम लावला की त्या 129 किलोंचा भार मागच्या आसावर जवळजवळ 187 किलो होऊन पडतो आणि पुढच्या आसावरून 58 किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल लागते, ब्रेकचा मोठा हिस्सा ज्या चाकांवर असतो तीच जमिनीला कमी चिकटतात, आणि रात्री दिवे आकाशाकडे बघू लागतात.

ही गोष्ट मला कळायला काटा लागला, पण माझ्या वडिलांना ती फोटोवरून कळली होती. आबांनी तरुणपणी कराडच्या बाजूला बैलगाडीतून कारखान्यावर ऊस घातलेला आहे. सगळे काम उरकल्यावर मी त्यांना गाडीचा बाजूने काढलेला फोटो कौतुकाने पाठवला, तेव्हा त्यांचा फोन आला. “गाडी झ्याक दिसतीया, पण उलाळ झालीया रे. माल म्होरं सरकव.” ज्यांनी बैलगाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, माल आसाच्या मागे जास्त झाला की गाडीचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसू लागतो. त्या अवस्थेला उलाळ म्हणतात. मी हसून म्हटले, “आबा, हिला बैल नाहीत.” आणि दुसऱ्याच दिवशी, गाडीचा मागचा भाग खाली बसलेला मलाही दिसत होता म्हणून, ज्या दुकानातून काम करून घेतले होते तिथे परत गेलो.

दुकानदाराने मागच्या स्प्रिंगांच्या आत हवेच्या पिशव्या बसवण्याचा सल्ला दिला. त्या बसवल्या, हवा भरली, आणि गाडी पुन्हा समतल उभी राहिली. ताप उतरला, रोग तसाच राहिला. हवेच्या पिशवीने गाडीची उंची परत येते, वजन कमी होत नाही. उलट तिच्यामुळे स्प्रिंगचा एकूण ताठपणा वाढतो आणि दाबली गेलेली स्प्रिंग अधिक जोराने उसळी मारते. ती उसळी रोखण्याचे काम शॉकअपकडे येते, आणि आमचे शॉकअप त्या ताठपणासाठी जुळवलेले नव्हते. दुकानाने मला भार किती असणार हे विचारले होते आणि मी “साधारण दोनशे किलो” असे उत्तर दिले होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. त्यांनी त्या उत्तराप्रमाणेच स्प्रिंग दिल्या. मात्र हवेच्या पिशव्या मागायला आलेल्या माणसाला आधी काट्यावर पाठवायला हवे होते, असे माझे आजही मत आहे.

दुसरे कारण माझ्या हातातले होते. टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यावरचीच, 40 पीएसआय, ठेवून मी त्या वळ्यांवरून 90 च्या वेगाने जात होतो, कारण वेग वाढवला की गाडी वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते आणि आत धक्के कमी बसतात, असे सगळेच सांगतात. आतल्या माणसाला धक्के कमी बसतात हे खरे आहे, पण चाकांची हालचाल थांबत नाही. ती शॉकअपच्या पदरात पडते. टायरची हवा 26 ते 28 पीएसआयवर आणली असती तर त्या हालचालीचा पहिला वाटा रबराने उचलला असता.

दुरुस्तीचा विचार करताना समोर दोन मार्ग होते. पहिला मार्ग जीव्हीएम वाढवून घेण्याचा. ऑस्ट्रेलियात प्रमाणित स्प्रिंग, शॉकअप व इतर भागांचा संच बसवून ही मर्यादा कायदेशीररीत्या वाढवता येते. नवी गाडी पहिल्या नोंदणीपूर्वीच बदलली तर ती वाढ देशभर मान्य होते, आणि नोंदणीनंतर बदलली तर ज्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अनेकांसाठी हाच योग्य मार्ग आहे आणि कॅराव्हॅन ओढणाऱ्यांना तर बहुधा त्याला पर्याय नसतो. पण कागदावर मर्यादा वाढली म्हणून चाकाचे बेअरिंग, चेसिस आणि ब्रेक नव्याने घडत नाहीत, आणि ज्या वजनापैकी निम्मे आम्हाला लागतच नव्हते त्याला मान्यता मिळवण्यासाठी पैसे घालणे मला पटले नाही. म्हणून दुसरा मार्ग घेतला, तो वजन उतरवण्याचा.

मागचा बंपर काढून विकला. निम्मीच किंमत आली. मूळ स्टेपनी मागच्या दारावर तिच्या जागी गेली आणि दुसऱ्या स्टेपनीऐवजी पंक्चरच्या वाती व साधने घेतली. 129 किलो तिथेच उतरले. टपावरचा तंबू आणि रॅक काढून पंधरा किलोंचा जमिनीवर लावायचा तंबू घेतला, म्हणजे आणखी 78 किलो कमी झाले आणि तेही सगळ्यात उंच जागेवरून, जिथे प्रत्येक किलो गाडीला वळणावर कलंडवायला मदत करतो. या निर्णयावर घरात मतभेद झाला. मुलांना टपावर झोपणे प्रिय होते आणि पत्नीला मगरींच्या मुलखात जमिनीपासून उंचावर असणे सुरक्षित वाटत होते. शेवटी नदीकाठी तंबू ठोकायचाच नाही, पाण्यापासून चांगले लांब राहायचे, या अटीवर तडजोड झाली. खणांच्या कपाटाऐवजी दोन प्लास्टिकच्या पेट्या आल्या, तिथे 60 किलो वाचले. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमची घेतली, 18. विंचची पोलादी तार काढून कृत्रिम धाग्याचा दोर गुंडाळला, 9. पाणी साठाऐवजी चाळीस लिटर, कारण या मार्गावर ते भरता येते. आणि डिझेल दीडशेऐवजी शंभरच लिटर, कारण लॉरा, कोएन, आर्चर रिव्हर, ब्रॅमवेल जंक्शन असे पंप वाटेत आहेत. त्याने 42 किलो हलके झाले. बेरीज 356 किलो. पुन्हा काट्यावर चढवली तेव्हा 2,960 दिसले आणि मी ती पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली.

बुलबार मात्र ठेवला, आणि तो का ठेवला हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगणे भाग आहे. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये अशा बारांवर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या, आणि आपल्या गर्दीच्या रस्त्यांवर पादचाऱ्याच्या जिवाचा विचार करता ते योग्यच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 तर कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मुळातच मनाई करते. त्यामुळे इथले वाचून कोणी पुण्यात गॅरेजकडे धावू नये. इथे परिस्थिती वेगळी आहे. कुंपण नसलेल्या रस्त्यावर संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरे अचानक समोर येतात, आणि रेडिएटर फुटला की मदत शेकडो किलोमीटरवर असते. एअरबॅगच्या कामात अडथळा न आणणारा आणि त्या मॉडेलसाठी प्रमाणित असलेलाच बार मात्र बसवावा लागतो.

स्प्रिंग नव्याने निवडल्या, या वेळी काट्याच्या पावतीवरून, आणि त्यांना जुळणारे, जास्त तेल मावणारे मोठ्या व्यासाचे शॉकअप घेतले. हवेच्या पिशव्या काढून टाकल्या. उंची मूळापेक्षा 40 मिलिमीटर वाढवली, त्याहून जास्त नाही. क्वीन्सलँडमध्ये सस्पेन्शनने 50 आणि टायरने 25 अशी मिळून 75 मिलिमीटरपर्यंतची वाढ स्वतंत्र प्रमाणपत्राशिवाय चालते, पण कायद्याने चालते म्हणून करायचीच असे नाही. प्राडोची पुढची चाके स्वतंत्रपणे हलतात. उंची जितकी वाढवावी तितके सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे सांधे, तिरके होतात आणि चाक खाली जाण्यासाठीचा प्रवास कमी उरतो.

टायर 265/65 ऐवजी 265/70, सतरा इंची, जाड भिंतीचे. व्यास 776 वरून 803 मिलिमीटर झाला, म्हणजे गाडीचे पोट प्रत्यक्षात तेरा-चौदा मिलिमीटरच वर गेले. स्पीडोमीटर मात्र सुमारे साडेतीन टक्के कमी वेग दाखवू लागला. मूळ मीटर थोडा जास्त दाखवणारा असतो म्हणून ते जवळजवळ फिटले, तरी जीपीएसवर ताडून पाहिले. खोल पाण्यासाठी स्नॉर्केल होतेच, पण स्नॉर्केलने गाडी पाणबुडी होत नाही. कंपनीने दिलेली 700 मिलिमीटरची मर्यादा दारांच्या, तारांच्या आणि गिअरबॉक्सच्याही हिशेबाने असते. त्याहून उपयोगी ठरल्या त्या दोन्ही डिफरन्शियलच्या, म्हणजे आसावरून चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेट्यांच्या, श्वासनळ्या वर उचलून घेण्याच्या रबरी नळ्या. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि श्वासनळी खाली असली तर पाणी आत ओढले जाते.

ओढून काढण्याच्या साधनांत एक बदल केला. पुढे मूळ गाडीला असलेल्या कड्या या जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी बांधण्यासाठी असतात, रुतलेली गाडी हिसका देऊन ओढण्यासाठी नसतात. त्यांच्याऐवजी प्रमाणित हूक चेसिसला बोल्टने बसवले. मागचा ट्रेलर जोडायचा गोळा तर कधीच वापरायचा नाही. तो तुटून तोफगोळ्यासारखा उडाल्याने या देशात माणसे दगावली आहेत.

जून 2023 मध्ये त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. कच्चा भाग सुरू होताच हवा 27 पीएसआयवर आणली, वेग 60 ते 70 ठेवला आणि दर पन्नास किलोमीटरला थांबून उष्णतामापकाने चारही शॉकअपचे तापमान वहीत लिहिले. लिहिण्याचे काम मुलीने घेतले होते. कोएनच्या पुढे मागच्या दोन्हींचे सर्वाधिक तापमान 88 अंश सेल्सिअस नोंदले गेले, पुढच्यांचे 71. जिथे पहिला शॉकअप गेला होता तिथे आम्ही दहा मिनिटे अधिक थांबलो. पत्नीने चहा केला आणि मापक 79 दाखवत होता. ब्रॅमवेल जंक्शनपासून तारमार्गाऐवजी बाजूचा वळणरस्ता घेतला, जार्डिन नदी फेरीवरून ओलांडली आणि सातव्या दिवशी टोकाच्या खडकांवर उभे राहिलो. परतीच्या वाटेवर एक पंक्चर झाले, ते वात घालून जागच्या जागी निघाले. फ्रिजच्या तारेचा सॉकेट कंपनाने दोनदा सुटला. घरी आल्यावर पाहिले तर नव्या बॅटरीच्या ट्रेला केसाएवढी तडा गेली होती. तो ट्रे जुन्या, जड बॅटरीसाठी मीच घरी वाकवून केलेला होता.

आता सिम्पसन वाळवंटाचा विचार चालू आहे, आणि त्यात हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागणार आहे. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल या पाचशेहून अधिक किलोमीटरच्या टप्प्यात पंप नाही, मऊ वाळूत डिझेल भरपूर खर्च होते आणि पाणी सगळे बरोबर न्यावे लागते. त्यामुळे दोन्ही टाक्या पूर्ण आणि पाणी किमान ऐंशी लिटर धरले तर मागच्या वेळच्या वजनावर आणखी 82 किलो चढतात, आणि आपल्याजवळ शिल्लक आहेत फक्त तीस. कदाचित या वेळी जीव्हीएम वाढवून घ्यावे लागेल, कदाचित विंच घरी ठेवावे लागेल. मागच्या रविवारी कागदावर बेरीज करायला बसलो तेव्हा माणसांचे जुने 240 किलो तसेच उतरवून घेतले. मुलाने ते पाहिले आणि न्हाणीघरातला वजनकाटा उचलून आणून माझ्यासमोर ठेवला. पहिल्या यादीत तो 46 किलोंचा होता. आता 58 भरला.